सहा टक्के, दर वर्षी

रॉथ आयआरएमध्ये पैसे भरताना कुणी अडवत नाही. ब्रोकरेज कंपनीच्या संकेतस्थळावर बँक खातं जोडायचं, रक्कम टाकायची, कोणत्या वर्षासाठी ते निवडायचं, झालं. कंपनी फार तर वयानुसार कमाल मर्यादा पाहते. तुमचं उत्पन्न किती, लग्न झालंय का, बायको कुठे राहते, यातलं काहीच तिला ठाऊक नसतं. भारतात पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाच्या वर गेलेली रक्कम बिनव्याजी परत मिळते आणि विषय संपतो. त्या सवयीने अमेरिकेत गेलेल्या माणसाला वाटतं, चुकून जास्त भरले तर सिस्टिमच परत पाठवेल. इथली सिस्टिम पैसे ठेवून घेते आणि वाट पाहते.

आयआरए हे निवृत्तीचं वैयक्तिक खातं १९७४ च्या कायद्याने आलं, तेव्हा वर्षाला १,५०० डॉलर भरता येत. रॉथ हा त्याचा प्रकार १९९७ च्या कायद्यातला. डेलावेअरचे सेनेटर विल्यम रॉथ यांचं नाव त्याला मिळालं. त्यात भरताना कर वाचत नाही, पण पुढे वाढलेले पैसे करमुक्त निघतात. म्हणूनच सरकारने दारावर उत्पन्नाची अट बसवली. २०२४ साली पन्नाशीच्या आतल्या माणसाला दोन्ही प्रकार मिळून ७,००० डॉलर भरता येत होते, २०२६ साठी ही मर्यादा ७,५०० आहे. पण रॉथमध्ये एकट्या माणसाची मुभा २०२४ साली १,४६,००० डॉलरच्या उत्पन्नानंतर कमी होत जाऊन १,६१,००० ला संपत होती. जोडप्याच्या संयुक्त रिटर्नला हीच पट्टी २,३०,००० ते २,४०,००० होती. हे उत्पन्न कळतं वर्ष संपल्यावर. पैसे मात्र बहुतेक जण जानेवारीतच भरून मोकळे होतात. डिसेंबरमध्ये कंपनीचे शेअर हातात पडतात, बोनस येतो, आणि जानेवारीतला बिनचूक भरणा वर्षाअखेरीस जादा ठरतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तो खरंच जादा भरणा आहे का हे पाहावं. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी मंडळींत मला सर्वांत जास्त दिसणारा घोळ इथलाच आहे. मूळ प्रकाराला, म्हणजे ट्रॅडिशनल आयआरएला, उत्पन्नाची वरची अट नाही. कमाई असली की कितीही श्रीमंत माणूस त्यात भरू शकतो. अट आहे ती वजावटीवर. नोकरीत ४०१(के) ही निवृत्ती योजना असलेल्या एकट्या माणसाची वजावट २०२४ साली ७७,००० नंतर घटत ८७,००० ला शून्य होत होती. दीड लाख कमावणाऱ्याने ट्रॅडिशनलमध्ये ७,००० भरून वजावट घेतली असेल तर चूक वजावटीची आहे, भरण्याची नाही. त्याने रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरून वजावट काढायची, फरकाचा कर भरायचा, आणि फॉर्म ८६०६ जोडून हे ७,००० कर भरलेले आहेत अशी नोंद करायची. खात्यातून एक डॉलरही काढायची गरज नाही. तरीही घाबरून पैसे काढणारे असतात, आणि त्या काढण्यावरच पुन्हा कर नि दहा टक्के दंड ओढवून घेतात.

जादा भरणा खरोखरच जादा असेल तर पुढचं सगळं तारखेवर. कायद्याने वर्षाला एक कुंपण घातलं आहे, रिटर्नची मुदत. रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर हे कुंपण आपोआप सहा महिने पुढे सरकतं, म्हणजे २०२४ च्या भरण्यासाठी १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. त्या आत जादा रक्कम तिच्या वाट्याच्या नफ्यासह काढली तर ती कधी भरलीच नव्हती असं धरतात आणि जादा रकमेवर लागणाऱ्या सहा टक्के कराचा प्रश्न उद्भवत नाही. नफा ठरतो सूत्राने: त्या काळात अख्ख्या खात्याची जी टक्केवारीने वाढ किंवा घट झाली तीच जादा रकमेला लावायची. बाजार पडलेला असेल तर ७,००० भरून ६,३०० काढले तरी हिशेब पूर्ण होतो.

इथे मागच्या रिटर्नचा संबंध खऱ्या अर्थाने येतो. जानेवारी २०२४ मध्ये भरलेले ७,००० वाढून ८,०५० झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काढले, तर १,०५० डॉलरचा नफा २०२४ चं उत्पन्न आहे, कारण पैसे भरले गेले २०२४ मध्ये. ब्रोकरेजचा १०९९-आर येईल जानेवारी २०२६ मध्ये, त्यावर ‘पी’ हे अक्षर असेल, म्हणजे कर आदल्या वर्षाचा. २०२४ चं रिटर्न तर केव्हाच गेलेलं. ते १०४०-एक्सने दुरुस्त करायचं, आणि वरच्या बाजूला ही दुरुस्ती सहा महिन्यांच्या सवलतीच्या कलमाखाली, ३०१.९१००-२ खाली आहे, असं लिहायचं. २४ टक्क्यांच्या गटातल्या माणसाला हा कर २५२ डॉलर पडतो. या नफ्यावर पूर्वी दहा टक्के दंडही लागे. २९ डिसेंबर २०२२ च्या सिक्युअर २.० कायद्याने तो काढला. आणि तेच ७,००० मार्च २०२५ मध्ये २०२४ साठी म्हणून भरले असते, तर नफा २०२५ चा ठरला असता. भरणा कोणत्या वर्षासाठी आणि भरणा कोणत्या वर्षात, या दोन वेगळ्या तारखा आहेत. सॉफ्टवेअर हा फरक विचारतं, पण प्रश्न इतका आडून असतो की माणूस ‘पुढे’ दाबून मोकळा होतो.

पैसे काढायचे नसतील तर त्याच मुदतीत दुसरी वाट आहे: रिकॅरेक्टरायझेशन. रॉथमधली रक्कम नफ्यासह ट्रॅडिशनलमध्ये हलवायची आणि ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती असं कायदा मानतो. मग ती पुन्हा रॉथमध्ये रूपांतरित करता येते, कारण रूपांतरावरची १,००,००० डॉलरची उत्पन्नाची अट २०१० पासून उठली आहे. हाच तो सर्वज्ञात ‘बॅकडोअर रॉथ’. त्याची अट एवढीच की दुसऱ्या कुठल्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये वजावट घेतलेले जुने पैसे पडलेले नसावेत. असतील तर प्रमाणात कर लागतो. माझ्या मते मुदतीच्या आत सापडलेल्या बहुतेक प्रकरणांत काढण्यापेक्षा हे बरं, कारण त्या वर्षाची मर्यादा वाया जात नाही.

मुदत उलटली की ही दोन्ही दारं बंद. मग उरतो सहा टक्क्यांचा उत्पादन शुल्कासारखा कर. कलम ४९७३ त्याला दंड म्हणत नाही, कर म्हणतं, आणि म्हणून ‘मला ठाऊक नव्हतं’ या कारणावर तो माफ होत नाही. सत्तरीनंतरची सक्तीची रक्कम काढायला विसरलेल्याला माफीचा अर्ज आहे, इथे नाही. शिवाय तो एकदाच लागत नाही. जादा रक्कम ३१ डिसेंबरला जितक्या वर्षी खात्यात सापडेल तितक्या वर्षी लागतो.

२०२१ साली भरलेले ६,००० डॉलर घ्या. उत्पन्न तेव्हाही मर्यादेबाहेर आणि पुढेही. ते २०२५ मध्ये लक्षात आले तर २०२१ ते २०२४ ही चार वर्षं, दर वर्षी ३६०, एकूण १,४४०. हे झालं एकदाच चुकलेल्याचं. पण चुकीचा भरणा सहसा सवयीचा असतो. तोच माणूस दर वर्षी कमाल रक्कम भरत गेला असेल, तर २०२१ ला ३६०, २०२२ ला १२,००० वर ७२०, २०२३ ला १८,५०० वर १,११०, २०२४ ला २५,५०० वर १,५३०. चार वर्षांत ३,७२०, आणि वर व्याज. आकडा छाती दडपणारा नाही; पण आठ-दहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही तर एकदाच चुकलेल्याचाही कर मूळ भरण्याच्या निम्म्याच्या आसपास जाऊन बसतो. कोणत्याही वर्षी तो खात्याच्या वर्षअखेरच्या किमतीच्या सहा टक्क्यांवर मात्र जात नाही.

या अवस्थेत काढायची ती फक्त मूळ जादा रक्कम. नफा काढायचा नाही, काढू नये. सहा हजारांचे नऊ हजार झाले असतील तर तीन हजार रॉथमध्येच राहतात आणि पुढेही करमुक्त वाढत राहतात. हे ऐकून लोकांना संशय येतो: चुकीच्या पैशावरची कमाई ठेवून घ्यायची? हो, सहा टक्के हेच त्याचं भाडं आहे. उलट मुदतीनंतर ब्रोकरेजच्या ‘जादा भरणा परत’ या फॉर्मवर टिचकी मारून नफ्यासकट पैसे काढणारे स्वतःचं नुकसान करतात. साधी रक्कम काढा, रॉथमधून आधी मूळ भरणाच निघतो असं मानलं जातं, आणि ८६०६ वर त्याची नोंद करा.

आणि कित्येकदा काढायलाही लागत नाही. २०२२ मध्ये शेअरच्या उत्पन्नामुळे मर्यादा ओलांडलेल्या एकट्या माणसाची २०२३ च्या नोकरकपातीत नोकरी गेली, उत्पन्न खाली आलं, आणि त्या वर्षी त्याने काहीच भरलं नाही. २०२२ चे जादा ६,००० आता २०२३ च्या ६,५०० च्या मोकळ्या जागेत आपोआप मुरतात. लागतो तो एका वर्षाचा सहा टक्के, ३६०. बेकारीच्या वर्षाचा एवढाच काय तो फायदा. जादा रॉथ मुरायला रॉथचीच जागा लागते, म्हणजे त्या वर्षी उत्पन्न मर्यादेत हवं; एरवी कितीही वर्षं काही न भरता थांबलात तरी उपयोग नाही.

हे सारं ज्या कागदावर येतं तो फॉर्म ५३२९. ट्रॅडिशनलसाठी तिसरा भाग, रॉथसाठी चौथा. प्रत्येक वर्षाचा त्या त्या वर्षीचा छापील फॉर्म वापरायचा. २०२१ चा कर २०२४ च्या फॉर्मवर दाखवता येत नाही. नवरा-बायकोचे फॉर्म वेगळे, रिटर्न एकत्र असलं तरी. ५३२९ ला स्वतःची सहीची जागा आहे, म्हणून जुन्या वर्षाचं बाकी काही बदलत नसेल तर तो एकटाच पाठवावा असं म्हणणारे सीपीए आहेत. काही जण प्रत्येक वर्षाला १०४०-एक्स जोडतातच. पहिल्या पंथाकडे माझा कल आहे. मूळ रिटर्नमधलं उत्पन्न, वजावटी, कर, सगळं बरोबर असताना ते उगाच उघडायचं कशाला? आणि सर्वसाधारण समज असा की मागच्या चुकीसाठी ‘रिटर्न बदलावं लागतं’. बहुतेक वेळा रिटर्न ठीकच असतं, त्याच्या सोबत जायला हवा होता तो एक फॉर्म गेलेला नसतो. उशिराबद्दलचा दंड माफ करण्याची विनंती सोबत जोडता येते आणि पुष्कळदा मान्यही होते. मूळ सहा टक्के नाहीत.

तो एक फॉर्म न जाण्याची किंमत न्यायालयात दिसली. २०११ च्या पॅशल खटल्यात करदात्याने १०४० हे मूळ रिटर्न वेळेवर भरलं होतं, ५३२९ मात्र कधीच नाही. तीन वर्षांची मुदत उलटली, असा त्याचा बचाव होता. टॅक्स कोर्टाने म्हटलं, या करासाठीचं रिटर्न तुम्ही भरलंच नाही, तर मुदत सुरू कधी झाली? म्हणजे चूक विस्मृतीत गेली तरी खातं कायम उघडं. सिक्युअर २.० ने यात दुरुस्ती केली: आता १०४० भरल्यापासून सहा वर्षांत हा कर मागता येतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये कुतुरिए खटल्यात टॅक्स कोर्टानेच स्पष्ट केलं की ही सहा वर्षं कायदा होण्यापूर्वीच्या रिटर्नना लागू नाहीत. जुन्या वर्षांचा तुरुंग जुनाच राहिला. म्हणून २०१५ चा जादा भरणा ‘आता कोण बघतंय’ म्हणून सोडून देणाऱ्यांचा हिशेब चुकतो. ब्रोकरेज दर मे महिन्यात फॉर्म ५४९८ ने भरण्याचा आकडा आयआरएसला, म्हणजे अमेरिकी करखात्याला, कळवतच असते.

आता ते प्रकरण, जिथे मागचं रिटर्न बदलल्याने जादा भरणा खरोखर नाहीसा होतो. ते बहुतांशी लग्नाचं असतं.

एच-१बीवरचा मुलगा, पगार १,४०,०००. जानेवारी २०२४ ला रॉथमध्ये ७,००० भरले. एकट्या माणसाला पूर्ण मुभा. डिसेंबरात पुण्याला लग्न. ३१ डिसेंबरला विवाहित, म्हणजे पूर्ण वर्ष विवाहित. बायको अजून व्हिसाच्या रांगेत, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून सीपीए ‘विवाहित, पण वेगळं रिटर्न’ भरून टाकतो. वेगळं रिटर्न भरणाऱ्याची रॉथची मुभा शून्य ते १०,००० डॉलर उत्पन्नात संपते. म्हणजे सातच्या सात हजार जादा. यातही एक पोटकलम आहे: वर्षभरात जोडीदारासोबत कधीच राहिला नसाल तर एकट्याचीच मर्यादा लागते. मग लग्नानंतर सुट्टी संपेपर्यंत आईवडिलांच्या घरी काढलेले आठ दिवस ‘सोबत राहणं’ ठरतात का? प्रश्न हास्यास्पद वाटतो, सहा टक्के त्यावर ठरतात. मी कुणालाही त्या आठ दिवसांवर पैज लावायला सांगणार नाही.

त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. वेगळं रिटर्न मुदतीपासून तीन वर्षांत संयुक्त करता येतं (उलट, संयुक्ताचं वेगळं मुदतीनंतर करता येत नाही). अनिवासी जोडीदाराला पूर्ण वर्ष अमेरिकी रहिवासी मानावं असं दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं, बायकोला नंबर नसेल तर आयटीआयएन या करक्रमांकाचा अर्ज सोबत द्यायचा. तिचा भारतातला बारा लाखांचा पगार, सुमारे १४,००० डॉलर, उत्पन्नात येतो; तिने भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. एकूण १,५४,०००, संयुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली. जादा भरणा शून्य, ५३२९ ची गरज नाही, आणि बहुतेकदा संयुक्त दरामुळे परतावाही येतो. एक किंमत आहे: तिची भारतातली बँक खाती आणि ठेवी त्या वर्षाच्या अमेरिकी विवरणपत्रांत आणाव्या लागतात. सासऱ्यांनी मुलीच्या नावाने केलेली मुदत ठेव इथे पहिल्यांदा उजेडात येते.

दुसरं प्रकरण परत गेलेल्यांचं. अमेरिकी नागरिकत्व घेऊन पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्या जोडप्याने महिना ५०० डॉलरचा रॉथचा हप्ता चालूच ठेवलेला असतो. भारतातल्या कंपनीचा पगार फॉर्म २५५५ ने अमेरिकी उत्पन्नातून वगळायचा, ही २०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंतची सवलत सर्वांना माहीत असते. ठाऊक नसतं ते हे की वगळलेली कमाई आयआरएच्या दृष्टीने कमाईच नाही. सगळा पगार वगळला तर भरण्याची मर्यादा शून्य, आणि दर वर्षीचे सहा हजार जादा. उपाय दोन. एक, पैसे काढून मागच्या वर्षांचे ५३२९ भरणं. दुसरा, मागची रिटर्न्स दुरुस्त करून वगळण्याची निवड मागे घेणं आणि त्याऐवजी भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट घेणं. भारतातल्या तीस टक्क्यांच्या पट्टीत असलेल्याला क्रेडिटच बहुधा पुरून उरतं. पण निवड मागे घेतली की पुढची पाच करवर्षं आयआरएसच्या परवानगीशिवाय वगळणं वापरता येत नाही. दुबईला किंवा सिंगापूरला बदली होण्याची शक्यता असेल, तर हा निर्णय घाईने घेऊ नये.

भारताच्या बाजूला अशा खात्यातल्या वाढीवर दर वर्षी कर लागू नये म्हणून २०२१ च्या वित्त कायद्याने जुन्या आयकर कायद्यात कलम ८९ए आणलं आणि फॉर्म १०-ईई ठरवला. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातली खाती त्यात येतात. तो फॉर्म एकदा भरला की मागे घेता येत नाही. अमेरिकेचं करवर्ष जानेवारीचं, आपलं एप्रिलचं; एकच रक्कम काढली तरी दोन देशांत ती दोन वेगळ्या वर्षांत बसू शकते, आणि क्रेडिट जुळवताना तिथेच गाडी अडते.

एचएसए या आरोग्य बचत खात्यातला जादा भरणाही याच सहा टक्क्यांच्या वाटेने जातो, फॉर्मही तोच, भाग वेगळा. बहुधा नवऱ्याचं एचएसए आणि बायकोच्या कंपनीचं सर्वसाधारण एफएसए हे वैद्यकीय खर्चाचं खातं एकाच वर्षी असतं, आणि त्यामुळे एचएसएचा हक्कच जातो.

४०१(के)चं मात्र सगळंच निराळं. इथे सहा टक्के नाहीत, दुहेरी कर आहे. २०२४ ला नोकरी बदलली, पहिल्या कंपनीत १५,००० कापले गेले, दुसरीत १२,०००. दोघींनी आपापल्या मर्यादा पाळल्या, पण २३,००० ची मर्यादा माणसाची होती, कंपनीची नव्हे. वरचे ४,००० त्या वर्षाच्या उत्पन्नात धरायचे, आणि १५ एप्रिलपर्यंत कोणत्या तरी एका योजनेकडून मागून घ्यायचे. पुष्कळ योजना मार्चच्या सुरुवातीचीच तारीख देतात. रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख हलत नाही. ती चुकली की ते ४,००० आत अडकतात: एकदा २०२४ ला करपात्र, पुन्हा निवृत्तीत काढताना करपात्र, कारण त्यांची नोंद कर भरलेले म्हणून कुठेच राहत नाही. मागचं रिटर्न दुरुस्त करून पहिला कर भरता येतो, दुसरा टाळता येत नाही. म्हणून वर्षाच्या मधे नोकरी बदलताना नव्या कंपनीच्या पेरोलला जुन्या कंपनीची शेवटची पगारपत्रिका दाखवावी, त्यावर कापलेला आकडा असतो. आणि जानेवारीत दोन्ही डब्ल्यू-२ हातात आले की बाराव्या चौकटीतल्या ‘डी’ समोरच्या रकमा मिळवून बघाव्यात. तेव्हा एप्रिलपर्यंत अजून अडीच महिने असतात.